ट्रम्पेट, रानपिंगळा आणि भावाचा टोमणा

वाचकाचं पत्र

नाना, नमस्कार. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले आणि इथेच राहिलो. घर बँडवाल्यांचं. आजोबा नोकरी सांभाळून क्लॅरिनेट वाजवायचे, वडील बँडमास्तर होते, आता मोठा भाऊ बँड चालवतो. मी ट्रम्पेट वाजवतो. वय ३६. बारावीनंतर घरचा बँड सोडून ऑर्केस्ट्रात गेलो, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकलो, आता जळगाव, नाशिक, पुणे इथल्या तीन-चार ऑर्केस्ट्रा पार्ट्यांबरोबर कायम असतो. जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना अजून खरा ब्रास लागतो, म्हणून काम आहे. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होतात, पावसाळा लागला की थंडावतात. मग गणपती, नवरात्र.

अडचण अशी की मला ट्रम्पेटशिवाय बऱ्याच गोष्टींची ओढ आहे. हतनूर धरणावर पक्षी बघायला जातो. सातपुड्यात एकदा रानपिंगळा हे दुर्मिळ घुबड दिसलं, तेव्हापासून तर वेडच लागलं. जुनी पितळी वाद्यं दुरुस्त करतो, पोचे काढतो, अडकलेले वॉल्व्ह मोकळे करतो. वडील वाजवायचे त्या लग्नातल्या आणि कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी, श्रावणात बसते) चाली नोटेशनमध्ये उतरवायला घेतल्या होत्या, ते काम अर्धवट पडलं आहे. वडिलांचे दात गेले, आता वाजवता येत नाही, पण गुणगुणतात.

भाऊ म्हणतो, "पाखरं पोट भरतस का?" वर "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे आहेच. बायको म्हणते, "रात्री कार्यक्रम, सकाळी पाखरं, पावसाळ्यात पितळ. आमचा नंबर कधी?" मुलगी सहा वर्षांची आहे. पार्टीतले एक सीनियर म्हणतात, मुंबईला सिंफनीपर्यंत पोचायचं असेल तर बाकीचे नाद सोड. पण चाळीसगावच्या केकी मूसांनी किती कला जोपासल्या! त्यांना कोणी अडवलं का? मी यातलं काय सोडू?

— ट्रम्पेटवाला, भुसावळ

उत्तर

ट्रम्पेटवाले भाऊ,

आधी तुमच्या सीनियरांचं आटोपतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मोठा वाद्यवृंद २००६ साली सुरू झाला. व्यावसायिक म्हणावा असा देशातला सिंफनी ऑर्केस्ट्रा तेवढाच. आता हिशेब करा. भरलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसच्या आसपास असतात, ट्रम्पेटवाले दोन ते चार. त्यातली एक खुर्ची कधी रिकामी होणार आणि झाली तर तिच्यासाठी कुठून कुठून माणसं येणार, हे तुम्हीच ओळखा. तयारी करायची तर जरूर करा. ऑडिशनला विचारतात ते उतारे जगभर जवळपास ठरलेले असतात, ते बसवले तर गणपतीतला कार्यक्रमसुद्धा सुधारेल. पण त्या एका खुर्चीपायी घरातलं बाकीचं मोडीत काढू नका. पक्षी सोडले म्हणून ती खुर्ची जवळ येईल असं मला वाटत नाही. रोज सकाळी लांब सूर धरले नाहीत तर मात्र ती नक्की लांब जाईल. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, रोज किती वाजवता तेवढं लिहिलं नाहीत. ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑर्केस्ट्रातल्या माणसाला दुसरे नाद का लागतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, हा तर आवडीचंच खातो, याला आणखी आवडी कशाला? मी व्हायोलिन घेऊन मागच्या रांगेत बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. तिथे गाणं दुसऱ्याचं असतं, पीस अॅरेंजरचा, स्केल गायकाच्या गळ्याच्या सोयीची, लय ड्रमवाल्याच्या हातात, आणि टाळ्या निवेदक ज्याच्यासाठी मागेल त्याच्या. तुम्ही इंट्रोला चार बार जोरात फुंकता आणि मग ट्रम्पेट मांडीवर ठेवून दोन अंतरे रेस्ट, म्हणजे न वाजवायचे ठोके, मोजत बसता. परदेशात याहून वेगळं नाही. चेक संगीतकार द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी चाळीसेक मिनिटांची आहे. तिच्यात झांजवाल्याला अख्ख्या रात्रीत एक ठोका, तोही शेवटच्या भागात आणि हलक्या हाताने. ट्यूबावाला फक्त दुसऱ्या, संथ भागात चार-दोन सूर धरतो, बाकी वेळ गप्प. पण दोघांनाही पहिल्या सुरापासून जागं राहावं लागतं आणि मोजावं लागतं. चुकले तरच लोकांना त्यांचं अस्तित्व कळतं.

असं काम करणाऱ्याला जिथे कोणी 'वन, टू, थ्री' म्हणत नाही अशी एखादी जागा लागते. द्वोर्झाक स्वतः प्रागच्या नाट्यगृहात १८६२ ते १८७१ अशी नऊ वर्षं व्हायोला वाजवत होता, म्हणजे आपल्यासारखाच रांगेतला वादक. त्याला रेल्वे इंजिनांचं जबर वेड. स्टेशनवर जाऊन इंजिनांचे नंबर टिपायचा, ड्रायव्हरांशी गप्पा मारायचा. पुढे खेड्यात घर घेतलं तेव्हा कबुतरं पाळली. एकदा स्वतःला जमेना म्हणून त्याने शिष्याला नंबर टिपायला पाठवलं. तो शिष्य लवकरच जावई व्हायचा होता. पठ्ठ्या इंजिनाऐवजी मागच्या कोळशाच्या टेंडरचा नंबर लिहून घेऊन आला, आणि सासरेबुवांनी मुलीला विचारलं, असल्या माणसाशी लग्न करणार तू? असं सांगतात बुवा, खरंखोटं करत नाही. भुसावळच्या माणसाला हे वेड समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या आजोबांना तर नक्कीच कळलं असतं.

दुसरा माणूस विल्यम हर्षल. हॅनोव्हरच्या लष्करी बँडमध्ये ओबो वाजवणारा, बाप तिथेच ओबो वाजवणारा. म्हणजे तुमच्यासारखंच बँडवाल्याचं पोर. पुढे इंग्लंडात बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन, कार्यक्रम बसवणं, शिकवण्या असा पोटापाण्याचा उद्योग. रात्री आकाश बघायचं वेड लागलं. विकतची दुर्बीण परवडेना, म्हणून धातूचे आरसे घरीच ओतायला आणि घासायला लागला. १३ मार्च १७८१ च्या रात्री घराच्या मागच्या बागेतून त्याला युरेनस दिसला. दुर्बिणीतून सापडलेला तो पहिला ग्रह. पुढच्या वर्षी राजाने वर्षाला २०० पौंड लावून दिले आणि त्याने वाद्य खाली ठेवलं. म्हणजे छंदाने शेवटी धंदा गिळलाच. हे तुमच्या सीनियरांना सांगू नका.

पण हर्षलची गोष्ट मी तुमच्या कौतुकासाठी काढली नाही. त्याची बहीण कॅरोलाइन १७७२ साली बाथला आली ती गाणं शिकायला. शिकली, कार्यक्रमांत एकटी गायला लागली. तेवढ्यात भाऊ आरशांच्या नादी लागला. तो आरसा घासायला बसला की हात काढता यायचा नाही. एकदा १६ तास बसला होता, आणि ती त्याच्या तोंडात घास भरवत, वाचून दाखवत शेजारी होती. तिने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. तिचं गाणं तिथेच मिटलं. पुढे तिनेही आकाश बघायला घेतलं, १७८६ साली पहिला धूमकेतू शोधला, वर्षाला ५० पौंड पगार मिळवला, मोठं नाव केलं. पण ज्यासाठी घरून निघाली होती ते गाणं काही परत आलं नाही.

म्हणून विचारतो. तुम्ही पहाटे हतनूरला जाता तेव्हा मुलीची वेणी कोण घालतं? डबा कोण भरतं? कार्यक्रमाहून आल्यावर तुम्ही दुपारपर्यंत झोपता तेव्हा दारावर येणाऱ्याला कोण उत्तर देतं? तुमच्या बायकोने एकही नाद सोडा म्हटलेलं नाही. पत्र पुन्हा वाचा. ती नंबर विचारते आहे. याला उत्तर म्हणून तुम्ही एखादा छंद सोडलात, तरी त्या वेळात मोबाइल घेऊन पडाल आणि तिचा नंबर तिथेच राहील.

आणि केकी मूसांचं उदाहरण घरात अजिबात देऊ नका. माणूस थोरच. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, काय काय केलं त्यांनी. चाळीसगाव स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे, मुलीला घेऊन एकदा जाऊन या. पण त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्या घराबाहेर पाऊल जवळपास टाकलंच नाही, एकटे राहिले. त्यांना कोणी अडवलं नाही, कारण अडवायला घरात कोणी नव्हतं. तुमच्या घरात दोघीजणी वाट बघतायत.

सरावाबद्दल एक जुना अभ्यास आहे, १९९३ चा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा. दहा हजार तासांचा जो आकडा जो तो तोंडावर फेकतो तो तिथून निघाला. त्यातल्या दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. एक, उत्तम विद्यार्थी तुकड्या-तुकड्यांत सराव करत, मध्ये थांबत, आणि दुपारी झोपत. दुसरी तुमच्या कामाची. पहिल्या फळीतली मुलं मोकळा वेळ मधल्या फळीपेक्षा कमीच घेत होती, पण आपण किती वेळ मोकळे असतो याचा त्यांचा अंदाज बरोबर यायचा. मधल्या फळीचा चुकायचा. तुम्ही एक महिना वहीत फक्त तास लिहा. वाजवलं किती, प्रवास किती, पक्षी किती, पितळ किती, घर किती. सुधारायचं काही नाही, लिहायचं फक्त. महिना संपला की वही बायकोच्या हातात द्या आणि गप्प बसा. हे गप्प बसणं रेस्ट मोजण्यापेक्षा अवघड जाईल.

वही बघायच्या आधीच एक गोष्ट मला दिसते आहे. हतनूरला पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, आणि तुमच्या सुपाऱ्याही त्याच महिन्यांत. कायद्याप्रमाणे उघड्यावरचा साउंड रात्री दहाला बंद होतो (व्हायला हवा, असं म्हणू), पण पुढे केबल गुंडाळणं, जेवण, बिदागीची घासाघीस आणि परतीचा प्रवास धरला तर नाशिकहून घरी यायला पहाटच होत असणार. आणि तसेच तुम्ही पहाटे मोटरसायकल काढता! हे मात्र आजपासून बंद. यात सल्ला वगैरे काही नाही, सरळ सांगतो आहे. न झोपलेला माणूस हायवेवर डोळे उघडे ठेवून झोपतो. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी धरण नाही. महिन्यातून दोन सकाळी पक्ष्यांच्या, त्याही आधी ठरवून कॅलेंडरवर लिहिलेल्या, आणि त्यातल्या एकीला मुलगी सोबत. सहा वर्षांची पोर चक्रवाक बदक ओळखायला लागली की घरात पाखरांविरुद्ध बोलणारं एक माणूस कमी होईल.

आता कान. हा भाग तुम्ही दोनदा वाचावा. ट्रम्पेटवाला स्वतःच्या वाद्याच्या मागे असतो, पण बाजूला ड्रम, पुढे मॉनिटर, आणि हल्ली हळदीच्या कार्यक्रमांना साउंडवाले जे करतात ते तुम्हाला माहीत आहेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. तुमचा एक मेडली त्याहून मोठा असेल. आवाजाने कान बिघडतो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. ट्रम्पेटचा तुम्ही रोज वाजवता तो वरचा सा हजाराच्याही खालीच असतो, म्हणून सुरात वाजवताना काही बिघडलंय हे कित्येक वर्षं कळतच नाही. पण बारक्या पक्ष्यांची शीळ नेमकी त्या वरच्या पट्टीत असते. शेजारच्याला शिंजिर ऐकू येतोय आणि तुम्हाला नाही, असं झालं तर ती पहिली घंटा समजा. तुमच्या सीनियरांना जो नाद फालतू वाटतो, तोच तुमच्या कानाची फुकटातली तपासणी आहे. तरी जळगावला जाऊन एकदा रीतसर ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून ठेवाच, पुढे तुलना करायला आकडा हवा. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखे कमी करतात. कापसाचा बोळा वरचे सूर मारतो आणि खालचा दणका तसाच आत सोडतो, म्हणून तो नको. १९८८ साली अमेरिकेतल्या सिंफनी वादकांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ७६ टक्के वादकांनी वाजवण्यावर परिणाम होईल असा काहीतरी शारीरिक त्रास सांगितला होता. बसून वाजवण्याचं काम निवांत आहे असं ज्यांना वाटतं त्यांना हे सांगत जा.

रानपिंगळ्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नव्हता. मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला होता, तो चोरीचा निघाला. संग्रहालयातला जुना नमुना उचलून नवी चिठ्ठी लावलेला! त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलतीकडेच शोधत राहिले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, तो आपल्या शहाद्याजवळ सापडला. दिवसाउजेडी फिरणारं, बोलणारं घुबड, आणि तरी शंभर वर्षं कोणाला दिसलं नाही. तुम्हाला तो दिसला याचा मला हेवा वाटतो. एवढंच करा, त्याचं यूट्यूब चॅनेल काढू नका. त्याची जागा लोकांना सांगत फिरू नका आणि रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्याला बोलावूही नका. ज्यातून पैसा नाही आणि टाळी नाही अशी एक गोष्ट तुमच्याकडे राहू द्या. पाखरं पोट भरत नाहीत, हे भावाला कबूल करून टाका. वाद संपतो.

भावाचा राग पाखरांवर आहे असं मात्र मला वाटत नाही. तुम्ही बारावीनंतर ट्रम्पेट घेऊन बाहेर पडलात आणि घरचा बँड त्याच्या गळ्यात राहिला. डीजेच्या काळात आज पंधरा-वीस माणसांचा बँड चालवणं काय असतं, ते त्याला विचारा. त्यात धाकटा भाऊ धरणावर दुर्बीण लावून बसलेला दिसला तर कोणीही चिंध्याच म्हणेल.

इथे वडिलांच्या चाली येतात. तुमच्या सगळ्या नादांत फक्त या एकाला मुदत आहे. हतनूरचे पक्षी पुढच्या हिवाळ्यात येतील, वाकडं पितळ सरळ व्हायला थांबेल. वडील गुणगुणतायत तोवरच हे काम होणार. नोटेशन परिपूर्ण हवं म्हणून तुमचं अडलं असणार, नोटेशन शिकलेल्यांचा हा नेहमीचा रोग. आधी नुसतं रेकॉर्ड करा. मोबाइल पुरतो, पंखा बंद करा. प्रत्येक चालीआधी वडिलांच्या तोंडून वदवून घ्या, ही हळदीची की वरातीची, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गौराईसाठी वाजायची की श्रावणात कानबाई बसताना, आणि ते कोणाकडून शिकले. लिहाल तेव्हा पानावर मोठ्या अक्षरात लिहा, ट्रम्पेटसाठीचं लेखन की खऱ्या पट्टीतलं. बी-फ्लॅट ट्रम्पेटचा लिहिलेला सी प्रत्यक्षात बी-फ्लॅट वाजतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षांनी वही उघडणाऱ्या हार्मोनियमवाल्याला नसेल, आणि तो अख्खी चाल एक सूर चढवून वाजवेल. मुरकी कागदावर येत नाही, तिच्यासाठी रेकॉर्डिंग जपा.

आणि रेकॉर्डिंगला भावाला बसवा. वडील एखादी ओळ विसरले तर ती त्यालाच आठवेल, कारण इतकी वर्षं ती तो वाजवतो आहे. तुम्ही ऑर्केस्ट्रात होतात. ही गोष्ट त्याच्यासमोर मोठ्याने बोललात तर माझ्या पत्रापेक्षा जास्त काम होईल. येत्या कानबाईला दोन चाली तुम्ही दोघांनी मिळून वाजवा. त्या रविवारी सुपारी घेऊ नका.

राहिली वाद्यदुरुस्ती. हा छंद मी छंद ठेवणार नाही. पावसाळ्यात हात रिकामे, घरात पैसा कमी, आणि खानदेशात गावोगावी बँड. लग्नसराई संपली की सगळ्यांची वाद्यं पोचे पडलेली, वॉल्व्ह चिकटलेले, पाण्याच्या किल्लीचा बूच झिजलेला अशी येतात. हे काम येणारी माणसं कमी झाली आहेत. घरात नको, ठोकण्याचा आवाज पोरीच्या अभ्यासाला नको, बँडच्या सामानाच्या खोलीत एक कोपरा मागून घ्या. दर पाटीवर लिहून बाहेर लावा. आणि पहिलं गिऱ्हाईक भावाचा बँड असला, तरी त्याच्याकडून पैसे घ्या. थोडे कमी घ्या, पण घ्या.

— नाना